एका दमाचा भाव

"तू खोकलास आणि माझी शेवंती गेली! निम्म्या भावात!"

"मुद्दाम खोकलो का ताई मी?"

"मुद्दाम खोकला असतास तर बरं झालं असतं. चार शिव्या हासडून मोकळी झाले असते."

फुलबाजारामागच्या खोलीत, रिकाम्या टोपल्यांच्या थप्प्यांमध्ये बहीण-भावाची जुंपली होती. ती मळेवाली, नखांत अजून ओली माती. तो लिलाव पुकारणारा. अख्खा बाजार त्याला भोंगा म्हणायचा. ओट्यावर उभा राहून त्याने पहिली हाळी दिली की रस्त्यापलीकडचा न्हावी दुकान उघडायचा, एवढा आवाज!

या बाजाराचा रिवाज जुना. पुकारणाऱ्याने एका दमात भाव चढवत न्यायचा. दम सुटला की बोली बंद. माल शेवटच्या बोलीवाल्याचा. पुकारणारा कुणासाठी मुद्दाम थांबला, असा संशय नको, म्हणून कुणा शहाण्याने हा रिवाज घालून दिला होता. त्या शहाण्याला न्यूमोनिया झाला नसावा.

भोंग्याला झाला. विषाणूचा, दोन्ही फुफ्फुसांत. तो ऑक्सिजनवर होता तेव्हा ताईने मळा वाऱ्यावर सोडून दवाखान्याच्या जिन्यात मुक्काम ठोकला होता. तो घरी आला, सगळे म्हणाले, सुटला. डॉक्टरीणबाईंनी मात्र छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं, "आजार गेलाय. पण फुफ्फुसांवर वण राहिलेत. तेवढा भाग आता पूर्वीसारखा फुगणार नाही. श्वासाचे व्यायाम करा, थोडाफार फरक पडेल." त्यातलं 'आजार गेलाय' तेवढंच त्याने ऐकलं.

"डॉक्टर म्हणाल्या, मी बरा झालोय."

"झालायस की. जेवायला आणि भांडायला. पुकारायला नाही."

"मग काय करू? घरी बसून भांड्यांचा लिलाव मांडू?"

"फाटकावर बस. पावत्या फाड."

"मी? पावत्या?" तो ओरडायला गेला आणि ओरडणं खोकल्यातच बुडालं. टोपलीची कड धरून तो खाली बसला. ताईचा हात आपसूक त्याच्या पाठीवर गेला, फिरला, आणि राग आठवल्यासारखा मागे आला.

"व्यापाऱ्यांना विचार जा," धाप जरा बसल्यावर तो म्हणाला. "एकानेही उतर म्हटलं नाही. उलट समितीला त्यांनीच सांगितलं, पुकारेल तर हाच. रोज गरम पाणी आणून देतात. माणुसकी आहे लोकांत!"

ताई हसली. कारलं चावल्यासारखं.

"तुझी छाती धडधाकट होती तेव्हा कुणी पाणी विचारलं तुला? तेव्हा काय म्हणायचे? 'हा मेला श्वास घेतो की नाही!' तू भाव आभाळाला नेऊन ठेवायचास, त्यांची तोंडं आंबायची. आता बोली जरा कुठे रंगात येते की तुला धाप. माल स्वस्तात त्यांच्या टोपलीत. पाणीच काय, खांद्यावर घेऊन नाचतील तुला!"

"मग समितीला सांग ना. पुकारणाऱ्याला मध्ये दम घेऊ द्या म्हणावं."

"सांगून आले. जुना रिवाज मोडायचा नाही म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"तुला पाणी देणारे."

बाहेर माळीणबायांची मालावरून कलकल चालली होती. सगळ्यांचा माल अजून ओट्याखाली पडून होता. दुसऱ्या फेरीची घंटा झाली.

ताईचा आवाज खाली आला. "माझं गेलं ते गेलं. भाऊ आहेस, पोटात घालीन. बाहेर बसल्यात त्यांचा तू कोण लागतोस? एवढंच सांग मला. व्यापारी तुला का धरून आहेत, हे तुला आज कळलं, की पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

तो उठला. गळ्याभोवतीचा मफलर त्याने नीट केला. दाणदाण पावलं टाकत निघून जाणंही त्याला आता झेपणारं नव्हतं. भिंतीला हात लावत, सावकाश, तो दाराबाहेर पडला आणि ओट्याकडे वळला.