म्हैस आणि करडू

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी हवालदार मामांचं नाव घेतो. आईवडिलांना हे ठाऊक होतं आणि त्यांना त्यात वावगं वाटत नसे. मामांची एक सवय मात्र जगावेगळी होती. एखाद्याला पाण्यावर फळीवर उभं राहणं जमलं, तो जरा निवांत झाला, की दुसऱ्या दिवशी मामा करवत घेऊन येत आणि त्या फळीची चार बोटं कापून टाकत. "जमलं न्हवं? मग एवढं लाकूड कशाला?" असं म्हणून तो तुकडा ते चुलीसाठी मामींकडे देत.

फळी म्हणजे काय ते सांगतो. पलूस तालुक्यात कृष्णेच्या काठी मामांचं गाव. पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं. त्याचे तीन तक्ते एकाशेजारी एक जोडून, पुढचं टोक थोडं वर उचलून मामांनी ती फळी केली होती. तिच्यावर उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या वल्ह्यानं पाणी मागे सारत पुढे जायचं. फौजेत असताना मामांची काही वर्षं मद्रासकडच्या किनाऱ्यावर गेली होती. तिथे कोळी लोक बांधलेल्या ओंडक्यांवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याला येताना त्यांनी पाहिले. "सतरा वर्सांत लय मुलूख बगितला," ते म्हणत, "पर घरी येताना तेवढं एकच संगं आणलं."

मी माण तालुक्यातला, दहिवडीच्या पलीकडचा. आमच्याकडे पाणी हे बघायचं नसतं, आणायचं असतं. दर हिवाळ्यात वडील मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरत. खतासाठी शेतकरी रानात मेंढरं बसवून घेत, तशी ती मामांच्या रानातही बसत. मामांशी आमचं नातं तेवढंच. मी बारावी झालो त्या वर्षी मामा वडिलांना म्हणाले, "पोरगं ठेव माज्याकडं. कालेज यष्टीनं अर्ध्या तासावर हाय."

वडील अवघडले. "आवं हवालदार, तुमास्नी कशाला तरास?"

"तुजी दोनशे मेंढरं बसत्यात माज्या रानात. एक पोरगं सोप्यात बसलं तर घर काय खचतंय व्हय?"

एवढ्यावर माझं शिक्षण ठरलं. मी ट्रंक घेऊन मामांच्या सोप्यात राहायला आलो. नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. गावात टेलिफोनचा पहिला पिवळा बूथ नुकताच झाला होता.

मामांनी मला पहिल्याच दिवशी नाव दिलं, कोरडवाहू. गुडघ्याच्या वर पाणी मला ठाऊक नव्हतं. पहिला उन्हाळा त्यांनी मला विहिरीत पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधून पोहायला शिकवलं. पोहणं जमल्यावर नदी. नदीत मोठी फळी होती, तिला मामा म्हैस म्हणत. एके काळी ती नऊ हात लांब होती. गावातली पोरं शिकत गेली तशी कापत कापत सात हातांवर आली होती. म्हैस पाण्यात बसकण मारून असायची. तिच्यावर उभं राहिलं तर ती फारशी हलत नसे. काठावरून मामांची फौजी हिंदी ऐकू येई, "घुटना ढीला! नजर सामने!" मी पायांकडे पाहिलं की ओरडत, "पायाकडं काय बगतोस? पाय कुठं पळून जात न्हाईत!"

मामी घाटावर धुणं धुताना म्हणायच्या, "पोराला पदवी घ्यायला ठेवलाय का बुडवायला?"

"न्हाई बुडला तर पदवी मिळंलच की," मामा म्हणत.

थंडीत मेंढरं घेऊन आलेल्या वडिलांनी मला एकदा धुक्यातून नदीच्या मध्यावर उभा पाहिला. खालची फळी त्यांना दिसलीच नाही. ते काठावर घोंगडी सावरत उभे राहिले. मग म्हणाले, "हुबं ऱ्हायाला जिमीन कमी पडली व्हय रं?" पण त्या दिवशी ते माझ्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहत होते.

मामांचं खरं वेड पुढेच होतं. गावाच्या वरच्या अंगाला नदीच्या तळाशी काळ्या खडकाची एक आडवी पायरी आहे. दसऱ्याच्या आगेमागे, पूर ओसरून पाणी घाटाच्या खालून चौथ्या पायरीशी आलं, की त्या खडकावरून उतरणारं पाणी खाली आपटून पुन्हा वर उसळायचं आणि तिथे एक लाट तयार व्हायची. ती लाट कुठे जात नसे. पंधरा-वीस दिवस रात्रंदिवस एकाच जागी उभी असायची आणि तिच्या पोटाखालून नदी वाहत राहायची. गाव तिला उकळी म्हणायचं. मामा म्हणत, "समुद्रात लाट माणसाला घिऊन जाती. हितं माणूस जाग्यावर ऱ्हातो आन् नदी जाती. दोनी बगितल्यात, पर ही ग्वाड." पहाटे तिच्यावर वाफेसारखं धुकं असे आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसत असू. कॉलेजचा तास चुकला तरी मला त्याची जाणीव नसे.

दुसऱ्या वर्षी मी म्हशीवरून उकळीवर जाऊन पाहिलं. लाट आखूड आणि उभी, म्हैस लांब. तिचं शेपूट लाटेवर असतानाच तोंड वरून येणाऱ्या पाण्यात घुसायचं आणि ती मला उताणा फेकून द्यायची. असं कितीतरी वेळा झालं. शेवटी मामांनी मला वाळूत उताणा झोपवलं, हात डोक्यावर ताणायला लावले आणि बोटांच्या टोकापलीकडे एक वीत मोजून काठीनं रेघ मारली. "ही तुजी फळी. ह्याच्यापुढं जेवढं लाकूड, तेवढी भीती."

त्या मापानं त्यांनी नवी फळी केली, जेमतेम पाच हातांची. नाव ठेवलं करडू. मेंढपाळाच्या पोराला नावाचा अर्थ सांगावा लागला नाही. करडू म्हशीसारखं थांबत नसे. संथ पाण्यात त्यावर उभं राहिलं की घोट्यापर्यंत बुडायचं आणि कुठल्याही बाजूला उडी घ्यायचं. "हुबं ऱ्हायलं की बुडतं, पाणी खालनं पळालं की तरतं," मामा समजावत. "माजं वजान त्याला झेपत न्हाई. तू पन्नास किलोचा गडी, तुला पुरंल." मला ते काही पटेना. आधीच भीती वाटत असताना आणखी छोटी फळी घ्यायची, हे माझ्या हिशेबात बसत नव्हतं. वर्षभर मी करडावर संथ पाण्यात पडत राहिलो आणि मामांची पाठ वळली की म्हैस काढत राहिलो. त्यांना ते कळत होतं.

माझ्या पदवीच्या शेवटच्या वर्षी गावाच्या खाली बंधारा बांधून झाला. दसऱ्यानंतर त्याच्या दारांत बर्गे बसवायचे, म्हणजे दारं फळ्यांनी बंद करायची, आणि पाणी अडवायचं असं ठरलं. पाणी अडलं की उकळीच्या डोक्यावर पुरुषभर पाणी येणार होतं. पुराच्या दिवसांत बर्गे निघतील, पण तेव्हा नदीला हात लावायची सोय नसते. लाट ज्या दिवसांत उठायची नेमके तेच दिवस आता जाणार होते. बंधाऱ्याच्या अर्जावर मामांचीही सही होती.

"मामा, सही कशाला केली?" मी विचारलं.

"पाणी पिकाला पायजे, गड्या. लाट कुणाला पायजे? आपल्या दोघांस्नी. दोन मतांवर इलेक्शन निगत न्हाई." मग म्हणाले, "पर बर्गे बसायच्या आदी एकदा तुला तिच्यावर हुबा बगायचं हाय मला."

मी दसऱ्याच्या सुट्टीची वाट पाहू लागलो. पाणी पाचव्या पायरीवर आलं आणि त्याच आठवड्यात मामांच्या डोळ्यांसमोर काळं पडायला लागलं. आधी डाव्या, मग थोडं उजव्या. सांगलीच्या डॉक्टरांनी पडदा सुटलाय म्हणून सांगितलं आणि लगेच पुण्याच्या लष्करी दवाखान्यात जायला सांगितलं. मामींबरोबर ते जीपमध्ये बसले तेव्हा मी त्यांचा हात धरला होता.

"कोरडवाहू, मी नसलो तरी जा," ते म्हणाले. "म्हैस न्येयाची का करडू, ते तूच ठरीव. मी आता सांगत न्हाई. आन् मला खरं कळव. पडलास तर पडलो म्हण. न्हाई गेलास तर न्हाई गेलो म्हण."

मामांचा उजवा डोळा वाचला, डावा गेला. ते आणखी अकरा वर्षं होते. मी पदवीधर झालो, आमच्या वाडीतला पहिला. शिक्षक झालो, कोकणात बदली झाली, तिथे समुद्रही पुष्कळ पाहिला. वर्गात एखादा मुलगा नुसती मदत मागत राहतो तेव्हा मी त्याची मदत थोडी कमी करतो आणि जवळ उभा राहतो. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही. मामा गेले तेव्हा मी वेळेवर पोहोचू शकलो नाही, याची रुखरुख आहे. कॉलेजच्या दिवसांत शुद्धलेखन चुकेल या भीतीनं मी प्रत्येक पत्र आधी वहीत कच्चं लिहीत असे. त्यामुळे दवाखान्यात पाठवलेलं ते पत्र माझ्याजवळ राहिलं. जसं होतं तसं देतो.

*

ती. हवालदार मामांस,
बिराचा सा. न. वि. वि.

तुमच्या दोन्ही डोळ्यांना पट्टी आहे असे मामींनी बूथवर फोन करून कळवले. तेव्हा हे पत्र वॉर्डातल्या सिस्टर वाचून दाखवतील असे धरून लिहितो. सिस्टर, तुम्हालाही नमस्कार. यात म्हैस आणि करडू असे येईल. ती जनावरे नाहीत, लाकडी फळ्या आहेत. मामा समजावून सांगतील.

मामा, इकडे सर्व ठीक आहे. गाईला शेजारचे अण्णा वैरण टाकतात. मी दोन वेळ घर झाडतो.

तुम्ही खरे कळव म्हणालात म्हणून खरे लिहितो. रविवारी पाणी चौथ्या पायरीवर आले. मी गेलो नाही. सोमवारी म्हैस घेऊन गेलो. तिने मला तीनदा टाकले. करडू काठावरच होते, पण मी त्याच्याकडे पाहिले नाही. मंगळवारी बंधाऱ्यावर बर्गे उतरवायला ट्रॅक्टर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दारे बंद करणार असे त्यांनी सांगितले.

बुधवारी उजाडताना मी करडू घेतले. म्हैस घरीच ठेवली, नाहीतर मी तिच्याकडे परत आलो असतो. धुके इतके होते की पलीकडचा काठ नव्हता. उकळी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. मी कडेच्या संथ पाण्यातून गुडघ्यांवर बसून गेलो, तोंड नदी येते तिकडे केले आणि लाटेच्या उतारावर शिरून उठलो. पडलो. मामा, मी आठ वेळा पडलो. डाव्या नडगीला खडक लागला आहे, फार नाही.

नवव्या वेळी करडाचे तोंड वर राहिले. पाण्यात घुसले नाही. फळी पायाखाली थरथरत होती, पण बुडत नव्हती. वल्हे मी नुसते पाण्याला टेकवून धरले होते. उकळीचे पाणी वर हिरवट असते आणि आतून काचेसारखे, हे काठावरून दिसत नाही म्हणून सांगतो. खंड्या माझ्या समोरून गेला तो अगदी कमरेच्या उंचीवरून. तेवढ्यात धुके पिवळे झाले. किती वेळ झाला ते कळले नाही. पाहायला कोणी नव्हते.

दहाला बर्गे बसले. आज संध्याकाळी खडकाच्या पायरीवर पाणी चढले आहे आणि तिथे काही दिसत नाही. वरच्या रानातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या, त्यांचा आवाज येतो आहे. लोक खूश आहेत. मीही वाईट मानत नाही.

मी उभा होतो, मामा. नदी पळत होती आणि मी जागेवर उभा होतो.

सिस्टर, वरची ओळ त्यांना कृपया दोनदा वाचून दाखवावी.

आपला,
बिरा