कर्णिक साहेबांच्या गाडीचं प्रीमियम पेट्रोल

"जाधव, उद्यापासून माझ्या गाडीत साधं पेट्रोल घालायचं नाही," कर्णिक साहेब गाडीतून उतरता उतरता म्हणाले. "प्रीमियम घालायचं."

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या ठेकेदार कंपनीचं गॅरेज बोईसरला होतं आणि मी तिथला फोरमन. कर्णिक साहेब साइटचे इंजिनियर. कंपनीने दिलेल्या गाडीवर त्यांचा फार जीव. त्या गाडीला महिनाभरापासून एक आवाज लागला होता. चढ आला किंवा ॲक्सिलरेटर जोरात दाबला की खडखड. डब्यात खडे हलवावेत तशी.

आमच्या धंद्यात याला नॉकिंग म्हणतात. इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ दाबली जाते, मग प्लगच्या ठिणगीने पेटते. पेट्रोल हलकं असेल तर त्यातलं थोडं दाबानेच आपणहून पेटतं आणि इंजिन खडखडतं. प्रीमियम पेट्रोल जास्त दाब सोसतं, एवढाच त्याचा मोठेपणा. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला ते हवंच. साहेबांच्या गाडीचं इंजिन कमी दाबाचं, साधं.

"साहेब, या इंजिनाला त्याची गरज नाही," मी म्हणालो.

"साइटवरचे अमेरिकन इंजिनियर काल माझ्या गाडीत बसले होते. आवाज ऐकला आणि म्हणाले, पेट्रोल खराब आहे. त्यांना कळत नाही आणि तुम्हाला कळतं?"

मलाही कळत नव्हतं, ही खरी पंचाईत. मी ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन पाहिलं होतं. प्लग बदलले होते. इंजिनचं हेड उघडून आतला कार्बन खरवडला होता. आवाज जागच्या जागी.

प्रीमियम आमच्या भागात मिळत नसे. कंपनीचा ट्रक मुंबईला सिमेंटच्या कामाला जाई, तो येताना कॅन भरून आणू लागला. पहिला कॅन ओतला त्या दिवशी साहेब स्वतः टाकीपाशी उभे होते. संध्याकाळी परत आले ते खुशीत.

"फरक पडला, जाधव. गाडी कशी लोण्यासारखी चालते."

मी ड्रायव्हर दामूला बाजूला घेतलं. दामू केळव्याचा, कोळ्याचा मुलगा. होडी सोडून स्टिअरिंगवर आलेला.

"काय रे, आवाज कमी झाला?"

"मना तं वाढलेला वाटतो, फोरमन," दामू म्हणाला. "पन साहेब कमी हाय म्हनतात. मंग कमीच हाय."

पुढे आवाज इतका वाढला की साहेबांनाही ऐकू येऊ लागला. त्यावर त्यांनी ठरवलं की पंपवाला भेसळ करतो. दुसऱ्या पंपाचं प्रीमियम आलं. मग तिसऱ्या. खडखड वाढतच गेली. त्यातच मुंबईहून कंपनीचे डायरेक्टर साइट बघायला येणार असं कळलं. पालघर स्टेशनवर त्यांना घ्यायला हीच गाडी जाणार होती.

"तोवर आवाज गेला नाही," साहेब मला म्हणाले, "तर गॅरेज दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावं लागेल."

मी साताऱ्याकडचा. बोईसरजवळ कुंभवलीत भाड्याची खोली, नुकतंच बायकोला आणलेलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

रविवारी साहेब केळव्याला समुद्रावर निघाले होते. मला म्हणाले, चला, स्वतः ऐका. पुढच्या सीटवर दामू, मी आणि साहेब. मागे बाईसाहेब आणि डाव्या खिडकीशी त्यांचे वडील, अण्णा. अण्णा दोनेक महिन्यांपासून मुलीकडे राहायला आले होते. सत्तरीचे, शांत, सतत बाहेर बघणारे. डॉक्टरांनी त्यांची सुपारी बंद केली होती आणि ती बंद राहते की नाही यावर बाईसाहेबांचा डोळा होता.

खाडीच्या पुलाचा चढ लागला. खडखड सुरू झाली.

"ऐकलंत?" साहेब म्हणाले.

मी कान लावून ऐकत होतो. इंजिन पुढे, म्हणजे आवाज पुढून यायला हवा. हा मागून येतोय असं वाटलं. पण मागे इंजिन नव्हतं, म्हणून मी गप्प राहिलो.

"अण्णा, तोंडात काय आहे?" बाईसाहेबांचा आवाज आला.

"कुठे काय," अण्णा म्हणाले आणि रिकामे हात दाखवले.

केळव्याला पोचेपर्यंत उकाड्याने जीव नकोसा झाला. बाईसाहेबांनी अण्णांकडची काच खाली करायला सांगितली. काच अर्ध्यावर येऊन अडकली. गॅरेजचा माणूस बरोबर असताना काच अडकलेली राहणं बरं दिसत नाही. मी वाडीच्या सावलीत गाडी थांबवायला लावली, स्क्रू काढले आणि दाराचं आतलं पॅनल ओढलं.

दारातून सुपारी सांडली. अर्धुकं, चतकोर, कातरलेली खांडं. आधी मूठभर, मग ओंजळभर, मग माझे बूट झाकले जातील इतकी.

सगळा उलगडा तिथे पायाशी पडला होता. मुलीची नजर आपल्याकडे वळली की अण्णा हातातलं खांड काचेच्या फटीतून दारात टाकत. चढावर ती सगळी दारातल्या पत्र्यावरून मागे घरंगळत.

अण्णा खाली उतरले. वाकून एक खांड उचललं, फुंकर मारली, न्याहाळलं.

"ही चांगली आहे," ते म्हणाले.

बाईसाहेबांनी ती हातातून काढून घेतली. परतीच्या वाटेवर बाईसाहेब अण्णांशी बोलल्या नाहीत. गाडीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

डायरेक्टर आले. पालघरहून तारापूरपर्यंत गाडी हूं की चूं न करता धावली. मी मुद्दाम बरोबर गेलो होतो.

"कर्णिक, गाडी फार सुरेख ठेवली आहे तुम्ही," डायरेक्टर म्हणाले. "काय करता?"

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांचं नाव कसं घेणार?

"प्रीमियम घालतो, सर," ते म्हणाले.

महिन्याभरात कंपनीच्या सगळ्या साहेबांच्या गाड्यांना प्रीमियमचा हुकूम निघाला. आमच्या ट्रकच्या मुंबईच्या खेपा वाढल्या.

पुढे कितीतरी लोकांनी मला विचारलं, भारी पेट्रोल घालावं का? मी सांगत असे, गाडीच्या पुस्तकात लिहिलं असेल तर घाला, नसेल तर साधं पुरे. त्यांना ते कधी पटलं नाही. मी फोरमन होतो आणि पेट्रोलची शिफारस डायरेक्टरांची होती.