पाकातली अंडी

"प्रेम कुठे पळून जात नाही, परीक्षा मात्र निघून जाते," असं फान मास्तर एकदा भर वर्गात म्हणाले, आणि चीनमधल्या हान नदीकाठच्या त्या गावात हे वाक्य जन्मभर त्यांच्या नावाला चिकटून राहिलं.

संध्याकाळच्या अभ्यासाचे तास सुरू होण्याआधी मुलांना थोडी मोकळीक असे. तेवढ्यात मास्तर टॉर्च घेऊन मैदानाच्या कडेला, कापराच्या झाडांखाली फेरी मारत. उजेड पडला की एकमेकींत मिसळलेल्या दोन सावल्या सुट्या होत. मास्तर ओरडत नसत, कुणाच्या घरी चहाडीही करत नसत. नुसते उजेड धरून उभे राहत. मुलं त्यांना चंद्र म्हणत. चंद्र उगवला अशी कुजबूज झाली की झाडाखालचा काळोख आपोआप रिकामा व्हायचा.

एका संध्याकाळी त्या उजेडात त्यांचीच मुलगी सापडली. सुईयुन, सोळा वर्षांची, आणि शेजारी एक काटकुळा मुलगा. मास्तरांनी टॉर्च विझवली नाही. घरी कुणीच त्याबद्दल बोललं नाही. सुईयुन कॉलेजप्रवेशाच्या मोठ्या परीक्षेत चमकली, चेंगदूला शिकली, तिथंच नोकरीला लागली. तिनं पंचविशी ओलांडली आणि हेच मास्तर दर फोनला विचारू लागले, कुणी आहे का गं? जणू इतकी वर्षं घट्ट आवळून ठेवलेला नळ आता सोडला की धो धो पाणी येणार होतं. नळ कोरडाच राहिला. शेजारच्या क्वांगकाकू एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मास्तर, गावातली सगळी पोरं तुम्ही झाडाखालून हाकललीत. आता तुमच्या लेकीला तिथं भेटणार कोण, खार?" मास्तर हसले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

आणि या वसंतात तिचा फोन आला. दुपारच्या जेवणाला येते, सोबत योरिस आहे, हॉलंडचा.

त्या भागात मुलगी पहिल्यांदा कुणाला घरी घेऊन आली की तिची आई साखरेच्या पाकात अंडी सोडते आणि तो वाडगा पाहुण्यापुढे ठेवते. वाडगा आला तर मुलगी दिली. नुसता चहा आला तर जेवा आणि निघा. सुईयुनची आई कधीच गेली होती, म्हणजे वाडग्याचं काम मास्तरांकडे आलं. पण सुईयुननं आधीच बजावलं. "बाबा, अंडी करायची नाहीत. त्यांच्या देशात घरी येणं म्हणजे नुसतं घरी येणं असतं. आमचं अजून काही ठरलेलं नाही."

मास्तर बरं म्हणाले, आणि फोन ठेवून तडक क्वांगकाकूंकडे अंडी शिकायला गेले. आठवडाभर अख्ख्या गल्लीनं फुटक्या बलकांची गोड अंडी खाल्ली.

योरिस आला तो जिन्यावरच्या दाराच्या चौकटीला डोकं आपटतच. सोबत चीजचा गोल गड्डा. कमळकाकडीचा रस्सा त्यानं दोनदा मागून घेतला, तेव्हा मास्तरांना तो आवडूच लागला. जेवताना मास्तर प्रश्न विचारत, तो उत्तर देई, आणि सुईयुन मध्ये बसून इकडचं तिकडे करी. मास्तरांनी वर्गात विचारावं तसं विचारलं, पहिली मैत्रीण कितव्या वर्षी? पंधराव्या, असं उत्तर आलं. एका रविवारी सकाळी ती योरिसच्या घरी, स्वयंपाकघरात नाश्त्याला बसली होती.

"आई काही बोलली नाही?"

"बोलली," सुईयुननं त्याचं उत्तर पोचवलं. "लोणी संपलंय म्हणाली."

मास्तरांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. मग ती मुलगी कुठे आहे आता? ती वर्षभरात सोडून गेली, योरिस सांगत होता. तो महिनाभर रडला. आई रोज त्याला सायकलवरून समुद्रापर्यंत नेई, काही न विचारता. आता ती मुलगी दातांची डॉक्टर आहे आणि त्याचे दात तीच तपासते. मास्तरांना गंमत वाटली आणि आत कुठेतरी बारीक टोचलंही. मोडलं होतं, तरी सगळे जिवंत होते. एकमेकांच्या तोंडात बघत होते.

"परीक्षेचं काय झालं?"

"पास झाला," सुईयुन म्हणाली. योरिस काहीच बोललेला नव्हता, तरी ती पुढे बोलू लागली, जणू अजून कुणाचं तरी भाषांतर करून सांगत होती. "मी नाही रडले, बाबा. झाडाखालचा तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे बघेनासा झाला. मला रडायचं होतं. पण तुमचा उजेड अंगावरून जातच नव्हता. याच्याबरोबर दोन वर्षं झाली, आणि अजून हा खोलीत आला की मी आधी चार पावलं मागे सरते."

योरिसला एक शब्द कळला नाही. तो दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला आणि मग हळूच त्यानं तिच्या भांड्यात माशाचा बिनकाट्याचा तुकडा ठेवला.

मास्तरांनी ते पाहिलं. ते उठून स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटल्याचा आवाज आला, मग साखरेचा वास. ते वाडगा घेऊन बाहेर आले, दोन्ही हातांनी धरलेला, बलक अखंड, पांढऱ्यात पिवळे, ढगाआड दिवा असावा तसे.

"बाबा, मी सांगितलं होतं," सुईयुन म्हणाली.

मास्तरांनी वाडगा योरिसपुढे ठेवला नाही. तो त्यांनी लेकीपुढे ठेवला. त्यात दोन चमचे होते.

मग त्यांनी खुंटीवरची टोपी काढली. शेजारी टॉर्च लटकत होती, तिला त्यांचा हात लागला आणि ती थोडी हलली, पण त्यांनी ती घेतली नाही. मास्तर बाहेर पडले, आपल्यामागे दार हलकेच ओढून घेतलं, आणि जिना उतरून गेले.