ओरव्हलचा कान आणि माझा पिस्टन

मी करवतीच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळताना हात आखडतो, असं ओरव्हल हौगेनने अर्ध्या गावासमोर जाहीर केलं, तेव्हा माझ्या हातात त्याच्याच बायकोने दिलेली कॉफी होती. नाहीतर ती मी त्याच्या टकलावर ओतली असती.

ऑगस्टचे, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्याचे दिवस होते. वणव्याच्या भीतीने जंगलातलं काम दुपारी एकला थांबवायचे आणि टॅमरॅक क्रीक गावातले आम्ही सगळे झाडतोडे ओरव्हलच्या शेडमध्ये गोळा व्हायचो. घरी गेलं की बायका कामाला जुंपतात, हे एक कारण. दुसरं म्हणजे, प्रत्येकाची करवत कधी ना कधी ओरव्हलच्या टेबलावर सुटी होऊन पडलेली असायचीच.

ओरव्हल चेनसॉ दुरुस्त करायचा, असं म्हटलं तर तो चिडायचा. दुरुस्ती खाली शहरातला दुकानदारही करतो. ओरव्हल नव्या कोऱ्या करवतीचं पोट फाडायचा. सिलिंडरच्या भिंतीत लहान खिडक्या असतात, एकीतून इंधन आत येतं, दुसरीतून धूर बाहेर जातो. त्यांना पोर्ट म्हणतात. ओरव्हल ते पोर्ट घासून घासून मोठे करायचा. कुणी विचारलं, किती मोठे? तर म्हणायचा, "पुरे होतील इतके." जास्त रुंद केले तर पिस्टनची रिंग त्यात अडकून करवतीचं वाटोळं होतं, हे त्याला जितकं ठाऊक होतं तितकं आमच्या मुलखात कुणालाच नव्हतं. अंश आखलेली चकती क्रँकला, म्हणजे पिस्टन हलवणाऱ्या दांड्याला लावून तो ओठांतल्या ओठांत मोजत बसे, आणि त्या वेळी त्याच्याशी बोलणारा माणूस शेडबाहेर जाई. त्याच्या हातची करवत घेऊन चार फूट जाड फरच्या झाडाला भिडलं की झाड स्वतःच पडायच्या घाईत आहे असं वाटायचं.

मात्र सिलिंडर घासून भागत नाही. मोठ्या खिडक्यांतून हवा जास्त येते, मग पेट्रोलही जास्त द्यावं लागतं. ते कार्बुरेटरच्या एका स्क्रूवर ठरतं आणि तो स्क्रू ओरव्हल कानाने लावायचा. अंगणातल्या ओंडक्याजवळ उभा राहून तो टोपी काढायचा, पूर्ण जोर द्यायचा आणि उजवा कान खाली झुकवायचा. नीट लावलेली करवत हवेत असताना थोडी भरभरते, जडशी बोलते. लाकडात घातली की तो जडपणा जातो आणि आवाज स्वच्छ होतो. स्क्रू जरा जास्त पिळला की ती हवेतच स्वच्छ, गोड गाऊ लागते. तसं गाणारी करवत पंधरवड्यात मेली म्हणून समजायचं, कारण पिस्टनला पेट्रोलही पुरत नाही आणि त्यातलं तेलही.

इंजिनच्या फेऱ्यांचा आकडा दाखवणारं यंत्र बाजारात मिळतं. डुवेन ओल्मस्टेडने एकदा ते भेट म्हणून आणलं. डुवेन आमच्यातला सगळ्यात धिप्पाड आणि सगळ्यात भोळा. ओरव्हलने ते यंत्र उलटसुलट पाहिलं, "छान आहे, कागद उडू नयेत म्हणून वर ठेवीन," म्हणाला आणि ठेवलंही.

तर माझी करवत. ओरव्हलने पोर्ट करून दिली आणि अकराव्या दिवशी ती एका उतारावर, झाडाच्या अर्ध्यात, कचकन थांबली. दोरी ओढली तर हलेना. मी ती शेडमध्ये आणली, त्याने सिलिंडर उपसलं. पिस्टनच्या धुराकडच्या बाजूला उभे ओरखडे होते, मांजराने लाकडी दार ओरबाडावं तसे.

"मर्ल," तो म्हणाला, "तेलाला पैसे नव्हते का रे? मला सांगायचं, दिले असते."

"मी तेल घातलं होतं. मोजून."

"कशाने मोजलंस, थेंबाने?"

सगळे हसले. मी चाळीस वर्षं जंगलात आहे, माझ्या करवतीच्या चेनला मी दाढीच्या वस्तऱ्यापेक्षा जास्त काळजीने धार लावतो, आणि हा माणूस मला असं बोलतो! मी आठ दिवस त्याच्या शेडकडे फिरकलो नाही. नवव्या दिवशी गेलो, कारण घरी बायकोने कुंपण रंगवायला काढलं होतं.

तोवर डुवेनच्या करवतीचाही पिस्टन गेला होता. डुवेनलाही तेच ऐकावं लागलं. डुवेन बिचारा मान खाली घालून म्हणाला, "असेल बुवा, विसरलो असेन." तो विसरला नव्हता, त्याचा डबा मी डोळ्यांनी पाहिला होता.

खरं काय ते आम्हाला कळत होतं. शेडमधला फोन वाजत राही आणि ओरव्हल त्याच्या शेजारी उभा राहून पोर्ट घासत बसे. हाक मारली तर तो आमच्या ओठांकडे बघून उत्तर द्यायचा. आमच्या पिढीने कानांवर कधी काही घातलं नाही. कान झाकणं म्हणजे बायकीपणा, असं आम्हीच ठरवलेलं. आता त्या शहाणपणाची फळं सगळेच खातोय, पण ओरव्हलच्या बाबतीत त्याचा कान म्हणजेच त्याचा धंदा होता. त्याला बारीक किंचाळी ऐकूच येत नव्हती, नुसती भरभर तेवढी ऐकू यायची. म्हणून तो स्क्रू पिळत राहायचा, पिळत राहायचा, आपण सुधारतोय असं समजून. हे त्याच्या तोंडावर कोण सांगणार? सगळे मूग गिळून बसलो. मीही बसलो, आणि आळ माझ्यावर होता!

मग त्याची स्वतःची करवत गेली.

जळणाची लाकडं कापायची जुनी करवत. याच उन्हाळ्यात त्याने हौसेने तिचे पोर्ट घासले होते, स्वतःच लावली होती, पेट्रोलमध्ये तेलही स्वतःच कालवलं होतं. त्या दुपारी मी आणि डुवेन शेडमध्ये पोचलो, तर ती टेबलावर उघडी पडलेली आणि ओरव्हल तिच्यासमोर शाळेत उभं केल्यासारखा.

"तेलाला पैसे नव्हते का रे?" मी विचारलं. मला राहवलंच नाही.

तो हवेचा पंप शोधू लागला. ऐकलं नसेल, किंवा ऐकलं असेल.

कुठून हवा गळतेय का, हे त्याने तपासलं. सगळी तोंडं रबराने बंद केली, आत हवा भरली आणि दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत बसला. काटा जागचा हलला नाही, म्हणजे गळती नव्हती. मग त्याने क्रँकचं बेअरिंग बोटाने पुसलं आणि बोट उजेडात धरलं. बोट तेलाने चकचकत होतं. पेट्रोलमध्ये तेल नसतं तर खाली सगळं कोरडं ठणठणीत असतं.

तो उठला आणि कोपऱ्यातून माझ्या करवतीचा सांगाडा काढला. तिथेही बोट घातलं. मग डुवेनच्या. तिन्ही वेळा बोट ओलं. तीन पिस्टन त्याने ओळीने मांडले. तिन्हींवर त्याच बाजूला तेच ओरखडे होते. दुसऱ्यांच्या चुका पिस्टनवरून वाचण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि आता त्याच डोळ्यांनी त्याला हे वाचावं लागत होतं. मला वाटलं होतं, या क्षणी मला मजा येईल. अजिबात आली नाही.

"मर्ल, तुझं तेल बरोबर होतं," तो म्हणाला. "डुवेन, तुझंही."

"असू दे रे, त्यात काय," डुवेन म्हणाला.

"काय?"

"असू दे, म्हणतोय!" डुवेन ओरडला.

"माझा कान गेलाय. तुम्हाला माहीत होतं?"

आम्ही दोघांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं.

"छान. उद्यापासून शेड बंद. ज्याच्या त्याच्या करवती घेऊन जा."

"ते आकड्यांचं यंत्र आहे ना," डुवेन म्हणाला.

"यंत्र बघून स्क्रू पिळायला माझी काय गरज? ते कुणीही करेल."

तो थट्टा करत नव्हता. हत्यारं पुसून एकेक खणात ठेवायलाही लागला. शेड बंद झाली तर हा माणूस डिसेंबरपर्यंत खुर्चीत बसून संपेल, हे मला स्पष्ट दिसलं आणि मी घाबरलो.

तेवढ्यात लव्हॉन, त्याची बायको, कॉफी घेऊन आली. तिने टेबलाकडे पाहिलं, खणांकडे पाहिलं.

"काय चाललंय?"

मी सांगितलं. तिने भांडं खाली ठेवलं.

"मर्लची करवत लावलीस त्याच दिवशी मी म्हटलं होतं, फार बारीक वाजतेय म्हणून," ती मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाली.

"कुणाला म्हटलं होतंस?"

"तुला! स्वयंपाकघराच्या खिडकीतून. दोनदा. तू हात हलवलास."

"मला वाटलं, जेवायला बोलावतेस."

"मग जेवायला तरी आलास का?"

डुवेनला हसू आवरेना. ओरव्हलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुला करवतीतलं काय कळतं?"

"एकोणतीस वर्षं मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतेय आणि अडतीस वर्षं हे तुझं वाजवणं ऐकतेय. माझी इच्छा नसताना कळतं, काय करू?"

ओरव्हलने आवरलेली हत्यारं खणातून परत बाहेर काढली. मग त्याने माझी करवत ओढून घेतली. सिलिंडरला चिकटलेलं पिस्टनचं ॲल्युमिनियम साफ करून, नवा पिस्टन घालून, ती जोडायला तास दीड तास गेला. कुणी घरी गेलं नाही.

अंगणात त्याने ती चालू केली, टोपी काढली आणि सवयीने कान झुकवला. लव्हॉनने तो कान धरून त्याला सरळ उभं केलं. मग त्याच्या मागे उभी राहून तिने हात त्याच्या खांद्यावर ठेवला. त्याने जोर दिला. करवत गोड गाऊ लागली, इतकी गोड की माझ्या अंगावर काटा आला. लव्हॉनने खांदा दाबला. त्याने स्क्रू जरासा सैल केला. तिने पुन्हा दाबला. त्याच्या कपाळावर आठी पडली, त्याच्या हिशेबी ही भलतीच जड झाली होती. आवाज कमी करून त्याने मान वळवली.

करवतीच्या बाबतीत त्याने आजवर कुणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"बरोबर आहे का गं?" त्याने विचारलं.

लव्हॉनने नकारार्थी मान हलवली आणि बोटाने खूण केली, अजून थोडं.

त्याने मुकाट्याने स्क्रू अजून थोडा उघडला.