अनुभवाचा रकाना

लातूरच्या रोजगार सल्ला केंद्रात मी बसते. तिथं औशाहून एक बाई दर मंगळवारी यायच्या. नवरा गेलेला, शाळा सातवीपर्यंत, एका कानानं ऐकू येत नसे. अर्जात अनुभवाचा रकाना कोरा. बोलताना त्या समोरच्याला डोक्यापासून पायापर्यंत निरखत, आणि त्यांची बोटं मांडीवर वीत-वीत सरकत.

"आजवर काहीच काम केलं नाही?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम. मोहल्ल्यात कुणी बाई मेली की मला बोलावतात. न्हाऊ घालते, कफन बेतते. त्याचे पैसे घेत न्हाईत, मग अनुभव कसा लिव्हायचा?"

रकाना मीच भरला: 'न हलणाऱ्या माणसाला आंघोळ घालता येते.'

त्या दवाखान्यात आया म्हणून लागल्या. महिन्याभरानं पेढे घेऊन आल्या.

"जमतंय ना?"

"आता जमतंय. पहिल्या दिवशी लई भ्याले. पाणी टाकलं अन् बाई हलली."

आम्ही दोघी हसलो. उठता उठता त्यांनी मला पुन्हा नखशिखांत पाहिलं. वीत-वीत सरकणारी बोटं मधेच थांबली.

"मॅडम, बारीक झालात. डॉक्टरला दाखवून घ्या."

त्या गेल्यावर मी हातातली बांगडी वर सरकवून पाहिली. ती कोपरापर्यंत गेली.