हवाई बहाद्दराची झूल

शिवणकामाच्या खोलीत चिंध्या कुठून येतात, ते कुणी विचारू नये. सकाळी झाडून पोत्यात भराव्यात, तर संध्याकाळी पायाखाली पुन्हा ढीग! किश्शांचंही तसंच आहे. आमच्या कारखान्यातल्या बाया कुणाच्या लग्नात, बारशाला भेटल्या की एखादी म्हणते, "बाई, बहाद्दर आठवतोय का?" मग पंगत उठते, मांडवातल्या सतरंज्या गोळा होतात, तरी आमचं संपत नाही. सगळ्या डोळ्यांना पदर लावून हसतात. मीही हसते. पण खरं सांगू? त्या दिवसांतली काळजी अजून सुटलेली नाही.

'कारखाना' म्हणजे लोणावळ्याच्या बाजारामागच्या दोन खोल्या. प्लॅस्टिकची खेळणी तेव्हा नवीन होती. मुंबईच्या एका शेठनी वीतभर उंचीचा बाहुला बाजारात आणला होता. निळं अंग, छाती पुढे, दोन्ही हात वर, आतून पोकळ आणि वजनाला पापडासारखा. नाव, 'हवाई बहाद्दर'! हा म्हणे आकाशात उडतो आणि दुष्टांना धरतो. त्याच्या पाठीवर लाल कापड हवं होतं. शेठच्या लोणावळ्यातल्या बंगल्याचे पडदे मी शिवले होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मशिनं शेठची. ती ठेवून जाताना ते एवढंच म्हणाले, "बाई, माल चांगला, तर काम चालू. माल बिघडला, तर मशिनं परत!"

माझा स्वभाव मुळात काळजीचा. गाडी वेळेवर आली तरी मला वाटतं, काहीतरी चुकलंय. त्यात माझ्या शब्दावर चार घरच्या बायांनी रोजंदारी सोडलेली. मशिनं गेली असती, तर त्या पुन्हा रस्त्यावर खडी फोडायला गेल्या असत्या. शेठची मोटार दिसली की मी आधी मशिनं मोजायची, ती एवढ्यासाठी.

* * *

पहिल्याच लॉटला मला ताप आला. शेठनी नमुना दिलाच नव्हता. "पाठीवर कापड, गळ्याशी गाठ," एवढं सांगून ते मोटारीत बसले होते. मी तेच गंगूबाईला सांगितलं आणि घरी जाऊन अंथरुणाला पाठ टेकली.

गंगूबाई कार्ल्याची. घरची भातशेती, हाताला वेग, आणि आवाज असा की खालच्या खाचरातून बोलली तर वर लेण्यांत ऐकू जावा! तिनं बाहुला उलटासुलटा करून विचारलं होतं, "ह्यो जातोय कुटं?"

"वर. आकाशात."

"ह्या आखाडात?"

शनिवारी शेठ आले. मी कशीबशी उठून आले, खोक्याचं झाकण काढलं आणि माझा ताप एकदम उतरला! गंगूबाईनं सगळ्या बहाद्दरांना खोळी शिवल्या होत्या. भातलावणीला घोंगडीची खोळ घेतात ना, अगदी तशी. डोक्यावरून, टोक काढून, पार गुडघ्यापर्यंत!

शेठनी एक बाहुला उचलला. पुढून बघितला, मागून बघितला.

"याचं तोंड कुठे आहे?"

"आत हाय," गंगूबाई म्हणाली. "आन् सुकं हाय!"

* * *

खोळी उसवून आम्ही पाठीवरची कापडं शिवली. शेठ त्याला 'केप' म्हणायचे. गंगूबाईनं ती बाहुल्याला बांधून बघितली आणि तिला उलगडा झाला.

"आत्ता! झूल म्हना की! पोळ्याला बैलाला घालतो ती!"

शेठ खवळले. "बहाद्दर आहे तो, बैल नाही! केप म्हणायचं!"

तेव्हापासून शेठसमोर केप आणि पाठीमागे झूल. कुणाच्या तोंडून चुकून निघेल, या धास्तीनं शेठ आले की मीच सगळ्यांच्या वतीनं बोलायची. एकदा शेठ घाईत आले आणि दारातूनच ओरडले, "बाई, झुली झाल्या का?"

मी दचकून म्हटलं, "केप, शेठ, केप!"

* * *

उजेडासाठी आम्ही रस्त्याकडच्या खिडकीत बसायचो. बाहुला आडवा ठेवायचा, त्यावर लाल कापड टाकायचं, गळ्याशी टाचणी खुपसायची, मग माप. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण हळूहळू लोक आमच्या बाजूनं चालेनासे झाले. दूधवाला दूध कोपऱ्यावर ठेवून पळायला लागला. एका सकाळी उंबऱ्यावर लिंबू!

मी आत पाऊल टाकेना. आमच्यातली सोना डोंगरावरच्या वाडीतून यायची, फार बोलायची नाही. तिनं ते लिंबू उचललं, धुतलं आणि दुपारी आमटीवर पिळलं.

दुसऱ्या दिवशी घरमालक आले. आत यायला तयार नाहीत, गटाराच्या पलीकडूनच म्हणाले, "बाई, तुम्हाला शिवणकामासाठी खोल्या दिल्या. करणीचा धंदा माझ्या जागेत चालणार नाही! खोल्या खाली करा!"

"अहो, खेळणं आहे ते! मुलांचं!"

"मुलांच्या खेळण्याला टाचण्या कशाला टोचता?"

आमचं कापड कापणारे आबा परंदवडीचे, वयानं मोठे. त्यांनी समजूत काढायला एक बाहुला पुढे केला. घरमालक तीन पावलं मागे सरकून म्हणाले, "माझ्याकडे तोंड करू नका त्याचं!"

त्या दिवशी मला घास उतरला नाही. खोल्या गेल्या तर मशिनं ठेवायची कुठे? शेठना काय सांगायचं? मी डोकं धरून बसले होते, तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. घरमालकीण! डोक्यावरून पदर घेतलेला, दोन्हीकडे बघून आत शिरल्या.

"बाई, खोल्यांची काळजी सोडा. ह्यांना मी बघते. फक्त मला एक द्या."

मला हायसं वाटलं. "घ्या की! धाकट्यासाठी का?"

"नाही हो." त्यांनी आवाज खाली आणला. "जरा जाड मिळेल का? सासूबाई अंगानं भरलेल्या आहेत."

* * *

लोणावळ्याची ओल कुणाला सांगायला नको. इथे मीठ पाणी होतं, काड्यापेटी पेटत नाही, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. शेठनी एकदा स्वस्तातलं लाल कापड पाठवलं. माल तयार करून खोक्यांत भरला. ज्या दिवशी शेठ यायचे, त्या सकाळी मी सहज एक खोकं उघडलं, तर कापडाचा रंग सुटून सगळ्या बहाद्दरांच्या पाठी लाल! मास्तरांनी छड्या मारून रांगेत उभे केल्यासारखे दिसत होते.

घाबरले की मी हाताला लागेल ते करते. स्टोव्हशेजारी रॉकेलची बाटली होती, ती परातीत ओतली, एकेक बाहुला अख्खा बुडवला आणि घासायला बसले. लाल डाग गेले. डागांबरोबर बहाद्दरांचे डोळे गेले, भुवया गेल्या, नाकंही गेली!

मी मटकन खाली बसले. आबा म्हणाले, "रडू नका बाई. मी गाडीच्या जुवावर मोर काढलेला मानूस हाय." काजळाची डबी आणि बारीक काडी घेऊन ते एकेकाला डोळे काढत सुटले. मी नवीन झुली बांधत होते. मान वर करून बघितलं, तर रांगेतल्या प्रत्येकाला झुबकेदार मिश्या!

"आबा! मिशी कुठे होती त्याला?"

"नव्हती?" आबांना खरंच नवल वाटलं. "मंग बहाद्दर कशाचा?"

पुसायला वेळ नव्हता, दारात मोटार थांबली होती. शेठनी एक बाहुला उचलला, डोळ्यांजवळ नेला. 

"हा कोण?"

आबा जागचे हलले नाहीत. "थोरला भाऊ हाय शेठ त्येचा. धाकट्याला हुडकत आलाय!"

शेठ हसले नाहीत. खोकी मोटारीत ठेवायला सांगून ते माझ्याकडे वळले. "बाई, पुढच्या वेळी फक्त धाकटा पाठवा."

* * *

दिवाळीचा माल श्रावणातच सुरू व्हायचा. त्या वर्षी शेठचा निरोप आला, की झूल वाऱ्यावर फडफडतेय असं वाटलं पाहिजे, दुकानात बाहुला नुसता उभा असला तरी!

आम्ही खूप डोकं खाजवलं. शेवटी सोना म्हणाली, "कांजी घालू." तिनं घरच्या आंबेमोहराची दाट कांजी करून आणली. त्यात झुली बुडवल्या, शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर वाळवल्या. काय सांगू! झुली अशा ताठ उभ्या राहिल्या की बहाद्दर आत्ता उडेल की मग! खोलीत भाताचा असा घमघमाट सुटला की रस्त्यानं जाणारे थबकायचे. रविवारी मी पहिल्यांदाच काळजी न करता जेवले.

सोमवारी कुलूप काढलं. बहाद्दर फळ्यांवर ओळीनं उभे. हात वर, छाती पुढे, गळ्याशी गाठ, आणि गाठीच्या खाली काही नाही! उंदरांनी झुली फस्त केल्या होत्या. एकही सोडली नव्हती.

मला भोवळ आली. दिवाळीचा लॉट! सोनानं तोंडावर पाणी मारलं. गंगूबाई मात्र कमरेवर हात ठेवून त्या ओळींकडे बघत होती.

"बाई, बघितलं का? उंदरं आली, तर ह्ये समदे हात वर करून हुबे! आन् म्हनं दुष्टांना धरत्यात!"

* * *

तो लॉट आम्ही पुन्हा शिवला. पण कांजीचं नाव काढायची कुणाची हिंमत नव्हती. झुली पाठीवर लोंबत्या राहिल्या, आणि तसाच माल मुंबईला गेला.

आठवड्यात शेठ आले. मोटारीमागे टेम्पो होता. बरोबर मुंबईचे एक मोठे दुकानदार. शेठ बसले नाहीत, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"बाई, हे म्हणतात, उडणारा माणूस आणि पाठीवर ओलं फडकं. हे घेणार नाहीत, तर कोणीच घेणार नाही. आता मी मुंबईतच शिवून घेतो."

मशिनं टेम्पोत चढायला लागली. बाया भिंतीला टेकून बघत होत्या. सोनानं मला हळूच विचारलं, "बाई, उद्या कुटं यायचं मग?"  मला रडू आलं. एवढ्या काळज्या केल्या होत्या, पण ह्या प्रश्नाची तयारी मी कधी केली नव्हती.

टेम्पो सुरू झाला, तशी गंगूबाई मागून चढली. तिच्यामागे आबा. मग मीही. मशिनांना धरून उभे राहिलो. घाट उतरायच्या आत शेठना आणखी एकदा विनवू, एवढाच विचार होता.

खंडाळ्याच्या पुढे कड्याजवळ शेठची मोटार थांबली. दुकानदारांना दरी बघायची होती. दरी कुठली! खाली नुसतं पांढरं धुकं, आणि त्यातून वर येणारा वारा असा की पदर धरावा तर छत्री जाईल. मी छत्री सोडली आणि शेठसमोर हात जोडले.

"हात जोडू नका बाई," शेठ म्हणाले. "मलाही बरं वाटत नाही. पण जो उडताना दिसत नाही, तो बहाद्दर मी विकू कसा?"

गंगूबाईच्या कमरेला एक बहाद्दर खोचलेला होता. तिनं तो ओढून काढला. तिचा चेहरा लाल झाला होता.

"उडत न्हाई? आमी डोळं फोडून शिवलं, आन् ह्यो उडत न्हाई व्हय? मंग जा की मुडद्या!"

आणि तिनं तो दरीत भिरकावला! लाल ठिपका धुक्यात गेला आणि दिसेनासा झाला.

 माझ्या मनात आलं, आता संपलं. मशिनं गेली, वर बाहुल्याची भरपाईही मागतील. शेठ पाठ फिरवून मोटारीकडे निघाले.

"शेठ," आबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

धुक्यातून तो वर येत होता! दोन्ही हात वर, छाती पुढे, पाठीवर लाल झूल तट्ट फुगलेली! आमच्या डोक्यांवरून वर गेला, क्षणभर तिथेच थांबला, झूल फडफडली, मग एक गिरकी घेऊन टेम्पोच्या ताडपत्रीवर येऊन पडला.

दुकानदारांचं तोंड उघडंच होतं. ते पुटपुटले, "शेठ, आणखी एकदा टाकायला सांगा."

शेठनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते टेम्पोजवळ गेले, बहाद्दर उचलला, झुलीवरून बोट फिरवलं. मग आमच्या तिघांकडे रोखून बघितलं. मला वाटलं, आली भरपाई!

"ही कोणी शिवली?"

गंगूबाईनं माझ्याकडे बोट केलं. मी आबांकडे. आबांनी टोपी काढली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले,

"शेठ, आईच्यान सांगतो, मी फकस्त कापली!"