राजकन्येचा आवाज कोणी घेतला

प्रश्न साधा होता: त्या पोलिश चित्रपटात राजकन्येचा आवाज कोणी काढून घेतला?

इथे आखातात, खलिफा सिटीत, आमच्या शेजारी एक पोलिश कुटुंब राहते. त्यांच्या मुलीने तो चित्रपट माझ्या मुलीला पेन ड्राइव्हवर दिला, तेव्हा दोघी सात वर्षांच्या होत्या. राजा, राणी, मंतरलेला वाडा आणि दर दहा मिनिटांनी गाणे. सबटायटल्स नव्हती. मी शाळेत भूगोल शिकवते. नकाशा वाचावा तशी चित्रे वाचून मी मुलीला मराठीत कथा सांगू लागले. राजकन्या मुकी होते, ती चेटकिणीमुळे. राणी गाते, ती शाप उतरावा म्हणून. ही कथा मी चार वर्षे सांगितली.

सांगण्याची सवय मला आधीपासूनच होती. माझे वडील साताऱ्याला असतात. दर रविवारी फोन माझ्या कानाला असे आणि मुलगी शेजारी बसे. वडील नातीबद्दल विचारत, "मडमबाईंना वेळ आहे का आज?" मी तिला सांगे, आजोबांना तुझी आठवण येते. ती म्हणे, "टेल हिम आय हॅव होमवर्क." मी वडिलांना सांगे, जेवलात का विचारतेय. दोघेही समाधानी असत. यात काही चुकते आहे, असे मला कधी वाटले नाही.

गेल्या हिवाळ्यात तिने शेजाऱ्यांकडे तोच चित्रपट इंग्रजी सबटायटल्ससह पाहिला. घरी आली ती चपला न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आई, देअर इज नो चेटकीण."

"मग?"

"इट वॉज द क्वीन. तिची आई. प्रिन्सेस भलतंसलतं बोलेल म्हणून तिने व्हॉइस लॉक केला. ते गाणं म्हणजेच स्पेल होतं." मग ती म्हणाली, "यू ऑल्वेज फिक्स थिंग्ज. आजोबांचं पण फिक्स करतेस?"

मी पोळी उलटली. तिला तेवढे पुरले.

त्या रविवारी तिने फोन मागितला आणि मला बाहेर जायला सांगितले. मी बाल्कनीत गेले, पण काचेचे दार पुरते लावले नाही. तिने फोन स्पीकरवर ठेवला. आठवडाभर तिने वाक्ये जुळवली होती, हे ऐकताना कळत होते.

"आजोबा, तुम्ही कसे आहात? मी पुढच्या समरमध्ये येऊ का?"

पलीकडून वडिलांचा आवाज आला, परक्याशी बोलताना असतो तसा, अदबीचा. "आपण कोण बोलताय?"

तिने स्वतःचे नाव सांगितले. वडिलांनी ते पुन्हा विचारले. मग म्हणाले, "बरं बरं. आईला दे."

तिने फोन बाल्कनीत आणून माझ्या हातात ठेवला. "ही डझन्ट नो मी," ती म्हणाली आणि आत गेली. तेव्हापासून रविवारी ती शेजारी बसत नाही. वडीलही तिच्याबद्दल विचारत नाहीत.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले आहे. आपल्या घरी मुलांचे बोलणे आजी-आजोबांपर्यंत तुम्ही पोहोचवत असाल, तर एकदा फोन मुलांच्या हाती द्या, खोलीबाहेर जा आणि पलीकडून त्यांचा आवाज ओळखला जातो का, हे कृपया स्वतः तपासून पाहा.